मुकी होणारी जनुके
डीएनएमधील सायटोसिनला मिथाइल गटाची खूण जोडण्याचे काम डीएनएमटी१, डीएनएमटी३ए आणि डीएनएमटी३बी ही विकरे करतात. पहिले विकर पेशीविभाजनाच्या वेळी जुन्या खुणा नव्या धाग्यावर उतरवते; उरलेली दोन मुख्यतः नव्या खुणा उमटवतात. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत एमएलएच१ या दुरुस्ती करणाऱ्या जनुकाच्या आरंभस्थळी या खुणांची दाटी होते. जनुकाचे एक अक्षरही बदलत नाही, तरी ते मुके होते; डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका मग दुरुस्त न होता साचत जातात. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरीमुळे वर्षानुवर्षे चालणारा दाहही अशाच खुणा वाढवतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील अशा खुणा शौचाच्या नमुन्यातही सापडतात. त्या टिपणाऱ्या एका तपासणीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.