कांदा खिशात, हेल्मेट खुंटीला

परवा यवतमाळला लग्नात भाच्याची पुन्हा एकदा सामुदायिक धुलाई झाली. गुन्हा काय, तर पठ्ठ्या नागपूरहून बाइक रेल्वेच्या पार्सलने चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन दिवस चालवून आला. "मरायचे धंदे आहेत हे," भाऊजी म्हणाले. हे म्हणणारे भाऊजी ताईला मागे बसवून दारव्ह्याहून मोटरसायकलवर आले होते. दोघांच्या डोक्याला दुपट्टे. हेल्मेट घरी, खुंटीला.

पंगतीत मी गप्प बसलो. इथे बोलतो. घरचे वाचतातच, म्हणून तर मुद्दाम.

भाचा सांगत होता ते कोणी नीट ऐकलंच नाही. तिथे आधी गाडीची तपासणी. दिव्यांच्या काचांवर टेप, फुटल्या तर तुकडे ट्रॅकवर पसरू नयेत म्हणून. आरसे काढलेले. साइड स्टँड बांधून टाकलेला. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी, कारण कूलंट सांडलं तर मागून येणारा घसरतो. ब्रेक, चेन, टायरची हवा. मग माणसाची तपासणी: चामड्याचा सूट, घोट्यावर चढणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे, फुल फेस हेल्मेट. यातलं काही कमी असेल तर पैसे भरलेले असोत, आत सोडत नाहीत. वीसेक मिनिटं चालवायचं, की बाहेर येऊन पाणी प्यायचं.

आणि झेंडे! पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळंच थांबलं. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे निसरडं आहे. या शेवटच्याचा मला खरंच हेवा वाटला. आपल्याकडे पावसाळ्यात वावरातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचा थर देऊन जातो, तिथे झेंडा कोण दाखवतं?

ट्रॅकवर माणसं मरत नाहीत का? मरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच ट्रॅकवर शर्यतीत १३ वर्षांचा मुलगा गेला. ती बातमी वाचून मीसुद्धा ताईला फोन केला होता, पोराला आवर म्हणून. त्यामुळे ट्रॅक सुरक्षित आहे असं मी म्हणतच नाही. पण तिथे प्रत्येक जण पडणार असं धरून तयारी करतात. आपण धरून चालतो की आपल्याला काही होत नाही.

आमच्या धाकट्या काकांना घाटंजीच्या रस्त्यावर रोही आडवा आला. संध्याकाळची वेळ, वेग चाळीस-पन्नासच्या वर नसेल. हातपाय शाबूत, डोकं आपटलं. सात दिवस नागपूरला होते, मग गेले. सगळे म्हणाले, वेळ आली होती. भाचा तेव्हा नववीत. त्याने एकदाच विचारलं, "काकाआजोबांचं हेल्मेट कुठे होतं?" कोणी उत्तर दिलं नाही.

बरं, तयारी आपल्या रक्तात नाही असंही नाही. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून आपण दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो, पाणी पिऊन निघतो. उन्हाला घाबरट म्हणून कोणी कोणाला हसत नाही. मग हेल्मेटलाच का हसता? कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन असं करून ठेवलंय. आपली मंडळी चौक दिसला की हेल्मेट चढवतात आणि पोलीस मागे पडला की टाकीवर ठेवतात. टाकीला डोकं असतं काय?

भाच्यालाही सोडलं नाही मी. म्हटलं, तिथली मस्ती पांढरकवड्याच्या हायवेवर केलीस तर मीच किल्ली काढून घेईन. तर म्हणाला, "मामा, उलट तिथून आल्यापासून मी रस्त्यावर हळू झालोय. थांबायला किती जागा लागते ते तिथे कळलं."

असो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा जातोय. टाकी रिकामी करून गाडी पार्सलला द्यायला नागपूरपर्यंत मी सोबत जाणार आहे. भाऊजी, निरोप द्यायला दारव्ह्याहून येणार असाल तर या. येताना खुंटीवरचं हेल्मेट घालून या, आणि ताईसाठी एक विकत घ्या.