पक्षी कायद्याचा, झाड ठेकेदाराचे

कोकणात जानेवारी ते मे हे महिने झाडतोडीचे. पाऊस लागायच्या आत ठेकेदाराला माल रानाबाहेर काढायचा असतो. नेमक्या याच महिन्यांत महाधनेशाची मादी एखाद्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. चोचीपुरती फट ठेवून ढोलीचे तोंड लिंपते, आत उडण्याची पिसे गाळते आणि नराने आणलेल्या उंबर-वडाच्या फळांवर दिवस काढते. अशा वेळी बुंध्याला कटर लागला, तर तिला उडूनही जाता येत नाही. वर्षाला जेमतेम एक पिल्लू वाढवणाऱ्या या पक्ष्याचा अख्खा हंगाम त्या झाडाबरोबर आडवा होतो.

पिवळीधमक चोच, डोक्यावर शिरस्त्राण, काळे-पांढरे रुंद पंख असा हा देखणा पक्षी केरळ आणि अरुणाचलाचा राज्यपक्षी आहे. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या बोधचिन्हावरही तोच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले. पण ते पक्ष्याला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. तिथे ढोलीचे झाड सरपणाच्या भावाने विकले जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर काजू किंवा रबर उभा राहतो. देवाच्या धाकाने राहिलेल्या देवराईतली झाडेही कुठे कुठे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी विकली जातात! ढोली व्हायला झाडाला कित्येक दशके लागतात. रोपे लावून ती भरपाई होत नाही.

दोष एकट्या मालकाचा नाही. घरात आजारपण किंवा लग्न निघाले, की रान हीच त्याची ठेव असते. झाड उभे ठेवण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही, तोडण्याचे मात्र रोख मिळतात. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत एकेकाळचे शिकारीच आज मानधन घेऊन धनेशाची घरटी राखतात. खर्चाला घरटी दत्तक घेणारे लोक हातभार लावतात. कोकणात हे अशक्य का असावे?

ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी घरट्यांच्या झाडांची नोंद करावी, वनखात्याने ती तोडीच्या परवान्यातून वगळावीत आणि मालकाला दरवर्षी मोबदला द्यावा. ढोलीचे झाड वाचवल्याशिवाय धनेश वाचवल्याच्या गप्पा मारू नयेत.