ज्यांच्याकडे उशिरा आले त्यांचे दूरदर्शन

दूरदर्शनच्या मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. त्या घटनेस अर्धशतक उलटून गेले आणि ज्या मंडळींनी त्या केंद्राच्या आरंभीच्या दिवसांत आपली उमेद खर्ची घातली, ती एकेक करून पडद्याआड जात आहेत. वृत्तनिवेदक प्रदीप भिडे आणि 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'च्या तबस्सुम २०२२ मध्ये गेल्या, डॉ. विश्वास मेहेंदळे २०२३ मध्ये गेले; चिमणरावांच्या गुंड्याभाऊला चेहरा देणारे बाळ कर्वे २०२५ मध्ये गेले. अशा प्रत्येक प्रसंगी वृत्तपत्रांतून स्मरणलेख येतात आणि ते आवडीने वाचले जातात. वरळीचा स्टुडिओ, 'गजरा'ची तालीम, विनायक चासकरांची लगबग, सुहासिनी मुळगावकरांची 'प्रतिभा आणि प्रतिमा', आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' आणि ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमावर येऊन बसणारी 'व्यत्यय' ही पाटी, हे सारे पुन्हा एकदा डोळ्यांपुढून सरकते. दूरचित्रवाणीत हयात घालविलेल्या माणसाच्या आठवणी इतर कलावंतांच्या आठवणींहून निराळ्या असतात, कारण त्या अर्ध्या त्याच्या आणि अर्ध्या आपल्या असतात. बातमीदाराचा चष्मा आणि निवेदिकेची साडी यांची नोंद तिकडे कचेरीत झाली नसेल. इकडे घरोघर झालेली होती.

या आनंदात वाटेकरी होताना जालन्यासारख्या जिल्ह्यातील वाचकाच्या मनात मात्र एक शंका डोकावल्यावाचून राहत नाही. हे सारे आपण पाहिले होते काय? मुंबई केंद्राचे प्रक्षेपण सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामार्फत १९७३ च्या ऑक्टोबरात पुण्यास पोहोचले. मराठवाड्याला त्यानंतर दीर्घ काळ वाट पाहावी लागली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. गुलबर्गा, रायचूर हे निजामाच्या राज्यातील आपले जुने शेजारी कर्नाटकाच्या वाट्यातून त्या प्रयोगात आले. जालना परिसर, जो तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता, कोरडा राहिला. जिल्हा म्हणून जालन्याचा जन्म १ मे १९८१ चा. त्याच्या पाळण्यात दूरदर्शन नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

यातील सर्वात विचित्र गोष्ट 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाची आहे. शेतकऱ्यासाठी योजलेला हा कार्यक्रम वरळीहून प्रक्षेपित होत असे आणि तो गिरगावातील चाळकऱ्यांना नित्यनेमाने दिसत असे. ज्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली, जेथे संकरित वाण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचे खटाटोप चालू होते, त्या जालन्याच्या शेतकऱ्यास सत्तरीच्या दशकात तो दिसत नव्हता. मुंबईकराला कपाशीवरील किडीची माहिती मिळत होती आणि ती कीड जालन्यात होती! नियोजनाच्या इतिहासात असे विनोद पुष्कळ सापडतात, पण त्यांवर हसण्याची पाळी नेहमी एकाच बाजूच्या लोकांवर येत नाही.

दूरदर्शन मराठवाड्यात आले ते आशियाई क्रीडास्पर्धांच्या, म्हणजे १९८२ च्या, सुमारास सुरू झालेल्या विस्तारामागून. १९८४ च्या उत्तरार्धात तर देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. परंतु या लहान प्रक्षेपकांवरून प्रथम जे दिसले ते दिल्लीचे होते. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभर पोहोचण्यास आणखी काही काळ जावा लागला. परिणामी जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील एका सबंध पिढीची दूरदर्शनची पहिली आठवण 'गजरा' नाही, 'चिमणराव' नाही. ती ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग'ची आहे. कुटुंबनियोजनाचा उपदेश गोष्टीतून पाजावा या हेतूने आखलेल्या त्या मालिकेतील उपदेश लोक विसरले, बडकी आणि लल्लू मात्र लक्षात राहिले. हिंदी आणि दखनी कानावर असलेल्या या प्रदेशास ती भाषा परकी वाटली नाही, हेही नमूद केले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मराठी घराला दूरचित्रवाणीने आधी मराठी ऐकविले व मग हिंदी. इकडे क्रम उलटा होता.

पुढे २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' यांनी रविवारची सकाळ ताब्यात घेतली. रस्ते ओस पडत, संचाला हार घातला जाई, हे देशभर झाले. आमच्या मते खरी स्मरणीय गोष्ट त्या आधीच्या तासाभराची आहे. गच्चीवर चढून ॲन्टेना म्हैसमाळच्या डोंगराच्या दिशेने वळविणारा एक, जिन्यात उभा राहून निरोप पोहोचविणारा दुसरा आणि संचासमोर बसून 'आले, आले, गेले' असे ओरडणारा तिसरा, अशी ती व्यवस्था होती. लाकडी खोक्याचे सरकते दार, त्याला लावलेले कुलूप, काळ्यापांढऱ्या चित्राला रंग यावा म्हणून काचेवर बसविलेला निळसर पत्रा आणि नेमक्या वेळी जाणारी वीज! जाहिराती तेव्हा अडथळा वाटत नसत. निरमा, विको वज्रदंती आणि सर्फच्या ललिताजी यांची वाक्ये पोरांना पाढ्यांपेक्षा लवकर पाठ होत.

या गोड आठवणींत थोडा खडाही आहे आणि तो निवडून फेकू नये. ज्या घरी संच असे त्या घरी पलंगावर कोणी बसावे, सतरंजीवर कोणी आणि उंबऱ्याबाहेरून कोणी पाहावे, हे ठरलेले असे. कामाच्या बायका भांडी आवरता आवरता दारातून जेवढे दिसेल तेवढे पाहत. 'सारा गाव एकत्र बसत असे' हे वाक्य आज सहज लिहिले जाते. ते लिहिणारा बहुधा सतरंजीवर बसलेला होता. दारात उभे राहिलेल्यांनी काय पाहिले, हे त्यांना अद्याप कोणी विचारलेले नाही.

आणि विचारावयाचे असेल तर वेळ थोडा आहे. आरंभीच्या काळात ध्वनिचित्रफीत महाग होती, म्हणून प्रक्षेपण होताच ती पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित केला जाई. कित्येक उत्कृष्ट मराठी कार्यक्रम अशा काटकसरीला बळी पडले. त्यांचे अस्तित्व आता पाहणाऱ्यांच्या आणि करणाऱ्यांच्या स्मृतीतच उरले आहे. भूप्रक्षेपणाचे जुने प्रक्षेपकही २०२१-२२ मध्ये बहुतांशी बंद करण्यात आले. ज्या दिशेला ॲन्टेना वळवावयाचा ती दिशाच उरली नाही.

प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील काही जुने कार्यक्रम लोकांपुढे आणले आहेत, त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. परंतु मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांपैकी काय शिल्लक आहे आणि काय पुसले गेले, याची संपूर्ण यादी प्रसिद्ध करण्यास तिला कोणती अडचण असावी? ती मिळाली तर निदान कशाचा शोध घ्यावयाचा हे तरी कळेल. खासगी घरांतून, निवृत्त तंत्रज्ञांच्या कपाटांतून एखादी फीत अजूनही निघू शकते.

दुसरे काम जालन्याचे आहे आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. येथे महाविद्यालये आहेत, मराठीचे आणि इतिहासाचे विभाग आहेत, दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. ॲन्टेना बसवून देणारे कारागीर, संच दुरुस्त करणारे दुकानदार, पंचायतीच्या संचाची किल्ली सांभाळणारे शिपाई आणि दारातून पाहणाऱ्या त्या बायका, यांपैकी पुष्कळ जण आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखती घेऊन त्यांची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. येत्या उन्हाळी सुटीत एका तालुक्यापासून आरंभ करता येईल. अंबड त्यासाठी वाईट नाही.