थंड प्रकृतीचे प्रमाणपत्र

मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि अशा उकाड्यात घरातली एखादी मावशी म्हणते, "जरा पंखा बारीक करा रे." बाकीचे घामाने निथळत असतात आणि मावशींचे तळहात मात्र गार. "तिची प्रकृतीच थंड आहे," असे म्हणून घरातले लोक विषय संपवतात. अशी एक तरी मावशी, काकू किंवा वहिनी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतेच.

या घरगुती निदानावर आता सरकारी शिक्काही मिळू शकतो. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी 'देश का प्रकृति परीक्षण' ही मोहीम सुरू केली. आयुर्वेदाचे विद्यार्थी आणि वैद्य लोकांना भेटून केस, त्वचा, भूक, झोप, चालणे-बोलणे यांविषयी प्रश्न विचारत, उत्तरे मोबाइलवर भरत, आणि वात, पित्त, कफ यांपैकी आपली प्रकृती कोणती ते सांगणारे प्रमाणपत्र मोबाइलवर येई. एक कोटीहून अधिक लोकांची अशी नोंद झाली, गिनीज बुकात विक्रमही लागले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत थाटात समारोप झाला. आता प्रश्न असा की, मावशींनी त्या प्रमाणपत्राचे करायचे काय?

हा प्रश्न खोडसाळपणे विचारलेला नाही. प्रत्येक माणसाची घडण वेगळी, म्हणून त्याचे पथ्यही वेगळे, हा विचार मोठा आहे. गंमत अशी की २०२० साली करोनाच्या काळात याच मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुकांचा काढा साऱ्या देशाला एकसारखाच सांगितला होता. तेव्हा तुमची प्रकृती कोणती, असे कोणी विचारले नव्हते. घरोघरी पातेली उकळली, आणि पित्ताच्या माणसांनीही निमूटपणे घोट घेतले. त्या मानाने २०२४ चा प्रश्न शास्त्राला अधिक धरून होता, हे मान्य केले पाहिजे.

पण 'थंड प्रकृती' असे काही एकच नसते. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृतींची लक्षणे दिली आहेत. तिथे थंडी सोसत नाही तो वातप्रकृतीचा. हा माणूस सडपातळ, कातडी कोरडी, झोप थोडी. कफाचाही गुण शीतच. पण त्याच्यामुळे भूक, तहान आणि घाम कमी. हा अंगाने भरलेला, सावकाश हालचालींचा. दोघांनाही आपण 'थंड' म्हणतो, पण दोघांचे पथ्य जवळजवळ उलटे आहे. वाताला ऊब हवी तसा स्निग्धपणाही हवा: तूप, तीळ, अंगाला कोमट तेल, वेळेवर गरम जेवण. कफाला ऊब हवी, पण हलके आणि रुक्ष अन्न हवे, व्यायाम हवा आणि दुपारची झोप नको. शेजारणीला मानवला म्हणून सुंठ-मिऱ्याचा काढा आपल्या वाळक्या, कोरड्या काकूंना महिनाभर पाजला, तर कोरडेपणा वाढायचा. सोलापूरची कडक भाकरी हा जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय. पण ज्वारी शास्त्राच्या लेखी शीत आणि रुक्ष आहे. तिच्यावर शेंगाचटणी आणि तेलाची धार घेणाऱ्या जुन्या बायकांना हे कुणी शिकवले नव्हते. (जाता जाता, दही थंड असते असे आपण सारे समजतो; चरकाने त्याला उष्ण म्हटले आहे.)

हा विचार केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. कोरियात ली जे-मा या वैद्याने १८९४ साली माणसांचे चार प्रकार मांडले. त्यांपैकी 'सो-उम' म्हणजे थंड, नाजूक पचनाचा माणूस. त्याला जिनसेंग मानवते; उष्ण घडणीच्या 'सो-यांग' माणसाला ते देत नाहीत. तिथे ऐन उन्हाळ्यात, वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, जिनसेंग घातलेले कोंबडीचे वाफाळते सूप पिण्याची रीत आहे. बाहेर उकाडा असला तरी पोट आतून गार पडते, अशी समजूत. ली जे-मा यांची आम्हाला भावलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. थंड माणूस निरोगी आहे की नाही, हे त्यांनी तो किती थंड आहे यावरून ठरवले नाही. खाल्लेले नीट पचते ना, एवढे पाहिले. म्हणजे घडण ही एक गोष्ट आणि आजची तब्येत ही दुसरी.

आपल्याकडे याच दोन गोष्टींना प्रकृती आणि विकृती म्हणतात. प्रकृती जन्मापासूनची असते, ती बदलत नाही. मध्येच उपटते ती विकृती. नेमकी हीच रेघ मोबाइलवरच्या प्रमाणपत्राने पुसट होण्याची भीती आहे. प्रकृतीच्या कल्पनेला आधुनिक विज्ञानातही काही पाठबळ मिळू लागले आहे. २००५ साली पुण्याच्या संशोधकांनी ७६ जणांत प्रकृती आणि जनुके यांचा संबंध तपासला, २००८ मध्ये दिल्लीच्या जीनोमिक्स संस्थेने टोकाच्या प्रकृतींच्या लोकांत रक्तातील फरक दाखवले. पण ती माणसे वैद्यांनी पारखून निवडलेली होती. दारात उभ्या उभ्या विचारलेल्या प्रश्नांना ते वजन देता येणार नाही.

आता पुन्हा मावशींकडे येऊ, आणि या वेळी सोलापूरच्या पूर्व भागात जाऊ. तिथे हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्या ओल्या पानांत दिवसभर हात. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे जेवण पुढे ढकलायचे आणि चहावर भागवायचे. यांतल्या एखादीने हातपाय गार पडतात, दम लागतो, थकवा येतो म्हटले, तर तिला वाताचे प्रमाणपत्र द्यायचे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. लोह कमी पडले की शरीराला ऊब राखता येत नाही. थायरॉईड मंदावले तरी हेच होते: थंडी सोसत नाही, वजन वाढते, केस गळतात, बद्धकोष्ठ होते. कफप्रकृतीच्या वर्णनाशी हे इतके मिळतेजुळते आहे की प्रश्नावली सहज फसावी.

म्हणून घरातल्या थंड माणसाला पहिला प्रश्न विचारावा तो असा: "हे लहानपणापासून आहे, की दोन-चार वर्षांत सुरू झाले?" लहानपणापासून असेल, भूक-झोप ठीक असेल, तर ती घडण समजावी. तिला चिडवू नये आणि पंखा बारीक करावा. अलीकडचे असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी करावी. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या सुचवतील. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात. वैद्यांकडे जायचे तर रिपोर्ट हातात घेऊनच जावे. चांगला वैद्य तो आधी बघतो.

बाकी पथ्यासाठी लांब जायला नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ओल्या हरभऱ्या-पावट्याची मिसळीची भाजी होते; पावसाळ्यात हुलग्याचे माडगे, बाळंतिणीला अळिवाचे लाडू. बाजरी, तीळ, अळीव यांत ऊबही आहे आणि लोहही. जेवणात लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. आणि भाकरीच्या ताटाशेजारी ठेवलेला चहाचा कप तेवढा तासभर लांबवावा, कारण चहा ते लोह शोषू देत नाही. विड्या वळणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे नाही. तिचा चहा हेच बहुतेक वेळा तिचे जेवण असते.