गेट कुठे थांबतं?

मे महिन्यात आमच्या रो-हाऊसच्या गल्लीतली मुलं गेटची लोकल करतात. एक जण गेट ढकलतो, दुसरा खालच्या पट्टीवर पाय ठेवून गज धरून उभा राहतो आणि तिसरी ओट्यावरून घोषणा देते, ‘पुढील स्टेशन, जुईनगर!’ नेरूळचीच मुलं ती, हार्बरची सगळी स्टेशनं त्यांना तोंडपाठ. यंदा सुट्टीला आलेला माझा पाच वर्षांचा नातूही त्यांच्यात होता आणि पट्टीवर उभं राहायची पाळी त्याची होती. मी आत गवार मोडत बसले होते. गेट टोकाला गेलं की ‘ठण्’ वाजतं, त्या आवाजाकडे एरवी माझं लक्षही नसतं. त्या दुपारी ठण् वाजलंच नाही. लोखंड घासल्याचा लांबट आवाज आला आणि मुलांचा गलका एकदम थांबला.

धावत बाहेर गेले. गेट रुळाच्या पुढे गेलं होतं आणि कंपाउंडच्या भिंतीवर कललं होतं. नातू त्याला पालीसारखा चिकटून होता. भिंतीच्या बाजूला कललं म्हणून वाचलो. दुसऱ्या बाजूला ओटा होता आणि ओट्यावर ‘जुईनगर’ म्हणणारी मुलगी.

शेजारच्या दोघांनी गेट धरलं, मी पोराला उतरवून घेतलं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. माझे हात मात्र रात्रीपर्यंत थरथरत होते.

संध्याकाळी रुळाच्या टोकाशी उकिडवी बसून पाहिलं. गेट अडवणारा ठोकळा जिथे असायला हवा, तिथे दोन बोटं रुंद वेल्डिंगचा डाग तेवढा उरला होता. नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. रुळाचं ते टोक अंगणाच्या उतारावर येतं, पावसाचं पाणी तिथेच साचतं, आणि खाडीची खारी हवा बारा महिने आहेच. ठोकळा तुळशीमागच्या पाचोळ्यात सापडला. बिस्किटाएवढा लोखंडी तुकडा. तो कधी तुटून पडला, घरात कुणालाच कळलं नव्हतं.

जुलै २०२४च्या शेवटी पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलला असंच सरकतं लोखंडी गेट कोसळलं आणि साडेतीन वर्षांची मुलगी गेली. सीसीटीव्हीतलं ते दृश्य मोबाइलवर सगळीकडे फिरलं. मीही पाहिलं होतं. हळहळले होते, आणि फोन ठेवून स्वयंपाकाला लागले होते. उठून आपलं गेट बघावं, हे तेव्हा मनात आलं नाही, याची टोचणी मला आता लागून राहिली आहे.

सरकतं गेट उभं कसं राहतं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. बिजागरीचं फाटक खांबाला धरून असतं. सरकत्या गेटला खांबाने धरलेलं नसतं. ते खाली दोन चाकांवर चालतं आणि वर, खांबाला लावलेल्या दोन गाइड रोलरच्या मधून जातं. चाकं फक्त वजन पेलतात. तोल सांभाळतात ते वरचे रोलर. गेट प्रमाणाबाहेर पुढे गेलं आणि रोलरच्या मधून निसटलं, तर त्या क्षणी ती कशाचाही आधार नसलेली एक लोखंडी भिंत असते. बारा फूट लांब, सहा फूट उंच, पत्रा मारलेलं गेट शंभर-सव्वाशे किलोंचं सहज भरतं. ते आडवं पडायला किती वेळ लागतो? ‘अगं बाई’ म्हणायलाही पुरणार नाही इतका. म्हणजे सगळी भिस्त त्या बिस्किटाएवढ्या ठोकळ्यावर.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गल्लीत कमरेएवढी फाटकं होती. एका पल्ल्याची, कडी उचलली की उघडणारी. वॉर्डात कुणाकडे स्कूटर असली तरी ती फाटकातून आत जायची. तेव्हा सिडकोच्या घरांसमोरची मोकळी जागा मुलांची होती. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी तर घरांची मांडणीच एकेका सामाईक अंगणाभोवती केली. मग गाड्या आल्या. अंगणात फरशी आली, फाटक रुंद झालं, उंच झालं, गल्लीत पल्ला उघडायला जागा नाही म्हणून सरकतं झालं. मुलांची खेळायची जागा आणि गाडीची जागा एकच झाली, आणि दोहोंच्या मध्ये हे सव्वाशे किलोंचं लोखंड येऊन उभं राहिलं.

लिफ्टसाठी महाराष्ट्रात २०१७चा कायदा आहे, त्याआधी १९३९चा होता. लिफ्टला परवाना लागतो, तपासणी लागते. आमच्या गेटकडे बघायला इतक्या वर्षांत कोणीही आलेलं नाही. फॅब्रिकेटर बसवून गेला, रंगारी रंगवून गेला, बस.

मोटरची दारं आता आपल्याकडेही वाढली आहेत, आणि त्यांचा धोका वेगळा आहे. हाताने ढकललेलं गेट कुणी ओरडलं की ढकलणारा थांबवतो. मोटरला ओरडणं ऐकू येत नाही. अमेरिकेत घरोघरी गॅरेजचं स्वयंचलित दार असतं. तिथे १९८२नंतरच्या काही वर्षांत अशा दारांखाली सापडून सुमारे ६० मुलं दगावली. अखेर कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३पासून बनणाऱ्या घरगुती दारयंत्रांना अट लागली, की खाली काही अडकलं तर दार आपोआप उलटं फिरलं पाहिजे. दाराच्या दोन्ही बाजूंना किरणाचे डोळे लावायचे, तेही जमिनीपासून सहा इंचांच्या आत. ही सहा इंचांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत हे डोळे गाडीच्या बंपरच्या उंचीला बसवले आहेत. गाडीला ओरखडा येणार नाही. पण रांगणारं मूल त्या किरणाच्या खालून अलगद निघून जाईल.

अमेरिकेत महिन्यातून एकदा घरीच चाचणी घ्यायला सांगतात. दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवायची आणि बटण दाबायचं. फळीला टेकून दार परत वर गेलं तर ठीक. फळी दाबत राहिलं तर दुरुस्तीपर्यंत मोटर बंद. आपल्याकडच्या मोटरच्या शटरलाही ही परीक्षा घेता येते, आणि तुमचं शटर तीत नापास झालं तर ते कळलेलं बरं. भिंतीवरचं बटण पाच फुटांच्या वर हवं. रिमोट टीव्हीच्या रिमोटशेजारी टाकू नये, मुलाला दोन्ही सारखेच.

हाताने ओढायच्या शटरचं दुखणं त्याच्या स्प्रिंगमध्ये असतं. कोपरखैरणेकडे खाली शटर आणि वर घर अशी कितीतरी बिऱ्हाडं आहेत. एका हाताने वर जाणारं शटर दोन हातांनी रेटावं लागतंय, किंवा अर्ध्यावर सोडलं की हळूहळू खाली येतंय, तर स्प्रिंग थकली असं समजावं. अशा शटरखालून मुलांना वाकून जाऊ देऊ नये. आणि घरच्या पुरुषांनी स्टुलावर चढून ती स्प्रिंग खोलायला जाऊ नये, पीळ भरलेली असते, हात मोडतो. ते काम मिस्त्रीचं.

‘मुलांना गेटशी खेळू देऊ नका’ हा सल्ला मला त्या दिवसापासून वीस जणांनी दिला. मी तो मानते, नातवाला रागावलेही. पण सरकणारी वस्तू दिसली की मूल ती सरकवणार, पाय ठेवायला पट्टी दिसली की चढणार. ते पाच वर्षांचं आहे, ते चुकणारच. एका चुकीने जीव जाईल असं गेट आपण मोठ्यांनी दारात लावलंय, तर दोष मुलाच्या खेळाला देऊन आपल्याला मोकळं होता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने आधी वरचे रोलर हलवून पाहिले, एक पार झिजलेला होता. मग रुळाच्या दोन्ही टोकांना जाड ठोकळे बसवले, आणि शिवाय वर, खांबापाशी, गेटच्या चौकटीलाच एक आडवा तुकडा जोडला. खालचा ठोकळा तुटला तरी गेट रोलरच्या पुढे जाऊ नये म्हणून. अर्ध्या तासाचं काम. मी विचारलं, हे पहिल्यांदाच का नाही करत? वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून तो म्हणाला, “काकू, लोक मोबाइलवर डिझाइन दाखवतात. भाल्याची टोकं हवीत म्हणतात. ठोकळा आजवर कुणी मागितला नाही.”

जाण्याआधी त्याला घेऊन गल्लीभर फिरले. आमच्या रांगेत सात सरकती गेटं आहेत. तिघांचे ठोकळे शाबूत होते, दोघांचे गंजून हलत होते, उरलेल्या दोन गेटांना ते कधी बसवलेच नव्हते. त्यातलं एक ‘जुईनगर’वालीच्या घरचं. तिच्या आईने तिथल्या तिथे गेटला साखळी घालून कुलूप लावलं. पाऊस तोंडावर आलाय. मिस्त्री रविवारी सकाळी आठला येतोय, चारही गेटांचं काम एकदमच करणार आहे.