अस्तरात शिवलेला कागद
जुन्या कोटाचं अस्तर उसवताना शिंप्याला एखादं नाणं सापडतं. १६६२ मध्ये फ्रेंच गणिती ब्लेझ पास्काल वारला, तेव्हा नोकराच्या हाताला त्याच्या कोटात काहीतरी जाडसर लागलं: घडी घातलेलं चर्मपत्र आणि कागद, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री आलेल्या ईश्वरानुभवाची नोंद. त्याच वर्षी हा माणूस गणिती फर्माला पत्रं लिहून जुगाराच्या अर्धवट डावाचा हिशेब सोडवत होता. संभाव्यतेचं गणित तिथूनच उभं राहिलं. पुढे त्याने देवावरही पैज मांडली: देव असला तर लाभ अनंत, नसला तर तोटा किरकोळ. पैज लंगडीच आहे, कारण कुठल्या देवावर लावायची हे ती सांगत नाही. पण श्रद्धा म्हणजे बुद्धीचं दिवाळं, हे म्हणणं साफ चूक. पास्काल कोट बदलायचा, तेव्हा तो कागद नव्या अस्तरात पुन्हा शिवायचा. आठ वर्षं, कुणालाही न सांगता.