ॲम्फोटेरिसिनबद्दल अल्फाफोल्डला काय विचारणार?

२०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अल्फाफोल्डच्या निर्मात्यांना वाटा मिळाला आणि विज्ञानवार्तांनी एक वाक्य पाठ करून टाकले: प्रथिनांच्या संरचनेचा प्रश्न सुटला. त्यामागोमाग दुसरे वाक्य दबक्या आवाजात येते, की मग एनएमआरची कोट्यवधींची चुंबके हवीत कशाला? पहिले वाक्य अर्धसत्य आहे; दुसरे निव्वळ अज्ञान.

२०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. ॲम्फोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी नातेवाइकांची वणवण सर्वांनी पाहिली. बिहारमधील काळा आजारावरही हेच औषध वापरतात. ते बुरशीला मारते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. हा रेणू बुरशीच्या पेशीपटलाला छिद्रे पाडून तिला मारतो, असे पाठ्यपुस्तके अनेक दशके शिकवत आली. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील मार्टिन बर्क व चाड रिनस्ट्रा यांच्या गटांनी घनावस्था एनएमआरच्या आधारे वेगळेच चित्र मांडले. औषधाचे रेणू मुख्यतः पटलाबाहेर पुंजक्याने राहतात आणि स्पंजासारखे पटलातील एर्गोस्टेरॉल ओढून घेतात. मूत्रपिंडाच्या पेशींतून असेच कोलेस्टेरॉल ओढले जाते, म्हणून ती इजा. याच समजुतीवर २०२३ मध्ये या संशोधकांनी सहकाऱ्यांसह मूत्रपिंडाला जपणारा नवा रेणू घडवला.

येथे औषधाचे लक्ष्य प्रथिन नाहीच. प्रथिनांच्या घड्या वर्तवून काय हाती लागणार? पटलाचा धड स्फटिक होत नाही, ते द्रावणातही विरघळत नाही. असा नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात सेकंदाला हजारो वेळा फिरवला की पसरट संकेत रेखीव होतात. कार्बन-१३ची खूण केलेल्या अणूशेजारी कोण आहे, तो किती हलतो, हे मग वाचता येते.

रुग्ण भारतातले, औषध भारतीय कंपन्याही बनवतात, मुंबई-हैदराबादच्या टीआयएफआरमध्ये आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये एनएमआरची परंपरा आहे. तरी हा प्रश्न तडीस गेला इलिनॉयमध्ये. चुंबक येते तेव्हा छायाचित्रे निघतात. कार्बन-१३युक्त ग्लुकोज, आयात केलेला हेलियम आणि नमुने घडवणारे कुशल हात यांचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो; त्याची बातमी होत नाही. नव्या चुंबकाला मंजुरी देताना शासनाने किमान १० वर्षांचा हा खर्च त्याच आदेशात मंजूर करावा, आणि त्यातील ठरावीक यंत्रवेळ देशातील रोगांवरच्या औषधांसाठी राखून ठेवावा.